भागाअक्कांचा घाट

विष्णुपुरीत राहायला आलो त्याच आठवड्यात एक उंच, काटक बाई दारात येऊन उभी राहिली. नवीन शेजारणीला आमच्याकडे काय काय विचारतात हे मला पाठ होतं. गाव कोणतं, मालक काय करतात, घर भाड्याचं की विकतचं, आणि मग इकडून तिकडून वळसे घेत आडनाव. या बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच माझ्यामागे उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बोट केलं.

"लेकीला पवायला येतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

"आन् तुमाला?"

"मलाही नाही."

"मग गंगेच्या काठाला कामून राहायला आलाव?"

असं म्हणून त्या निघूनही गेल्या. चहाला या म्हणायचीसुद्धा सवड दिली नाही. मला राग आला होता. गल्लीतल्या बायकांना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "भागाअक्का आल्त्या व्हय? मग आता तुमची पोरगी पवायला शिकली म्हनूनच समजा."

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. काळेश्वराच्या देवळाखाली तिच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. उन्हाळा लागला की रोज सकाळी अक्का तिथे हजर. हातात शेवरीचा फोक, पदर कमरेला खोचलेला आणि समोर गल्लीतली झाडून सगळी लेकरं. गंमत म्हणजे अक्कांना स्वतःला पोहायला येत नव्हतं. त्या पाण्यात घोट्यापलीकडे उतरत नसत. पाण्यात असे भोयांचा एक म्हातारा. तो लेकरांच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांना सोडायचा. काठावरून अक्कांचा तोंडपट्टा चालू असायचा. "हात मार, हात! चपात्या लाटून राहिली का?" माझ्या मुलीने पहिल्या दिवशी पायरी धरून भोकाड पसरलं, तर म्हणाल्या, "रड. हितं काठावर रड. तिकडं मदी रडाया वकत मिळत न्हाई."

कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा नव्याने राहायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या मुलाला लगेच सर्दी होते." अक्का शांतपणे म्हणाल्या, "सर्दीनं मेलेलं लेकरू म्या बगितलं न्हाई. पान्यानं मेलेलं माज्या घरात हाय." दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः मुलाला घेऊन घाटावर आल्या. धरणाच्या बाजूला इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पाय सोडून बसलेली दिसली की अक्का तिथेही जाऊन ओरडायच्या. "पवायला येईना आन् म्हनं विंजनेर हुनार! उठा तितून!" पोरं हसत उठायची. पण उठायची.

त्यांच्या घरात मेलेलं लेकरू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बालाजी. तो लातूरहून ट्रक चालवायचा. तिकडच्या गिरण्यांतली तूरडाळ घेऊन कोकणात, कधी पुढे गोव्याला जायचा. आम्ही राहायला यायच्या कितीतरी आधी अशाच एका खेपेत तो गेला. लातूरहून फोन आला होता, तो अक्कांनीच घेतला होता. पलीकडून कुणी एवढंच म्हणालं, "घाटात गाडी गेली, बालाजी गेला." अक्कांचे मालक दत्तराव आणि दोन भावकीतले लोक जाऊन त्याला घेऊन आले. आणलं ते बांधूनच. अक्कांना तोंड बघू दिलं नाही. पाण्यात राहिलेलं बघू नये, असं कुणीतरी बायांत म्हणालं म्हणे.

हे सगळं अक्कांनीच मला सांगितलं, आणि एकदा नाही, अनेकदा. भाजी निवडता निवडता मध्येच सुरू व्हायच्या. "कोकनात पानीच पानी हाय म्हने, बाई. घाटावरून गाडी घसरली आन् पान्यात गेली. त्याला पवायला येत असतं तर काच फोडून वर आला असता का न्हाई?" मग पुढचं. बालाजी लहान असताना गंगेवर पळायचा. एकुलता एक म्हणून त्या मागे धावत जायच्या आणि बाभळीच्या फोकाने झोडपत घरी आणायच्या. एकदा तर दिवसभर खाटेच्या खुराला बांधून ठेवला होता. "सगळ्या गावाची लेकरं पवली. म्याच माज्या लेकराला पवू दिलं न्हाई. त्याला पान्यानं न्हाई मारलं बाई, म्या मारलं."

मी "असं म्हणू नका अक्का" म्हणायची आणि भाजीची जुडी ओढून घ्यायची. दत्तराव ओसरीवर बसलेले असायचे. बोलणं इथवर आलं की ते उठून म्हशीकडे जायचे. मला वाटायचं, पुरुषाला असलं ऐकवत नसेल. मोठा अबोल माणूस. अक्का त्यांच्यावरही सतत डाफरायच्या. "ह्यांच्या तोंडातून शबूद काडायचा म्हंजी हिरीतून पव्हरा वडल्यागत," असं त्यांच्यासमोरच म्हणायच्या. ते मान खाली घालून हसायचे.

आम्ही राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या बायकांची सहल निघाली. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, तिथेच मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी कोकण. सहलवाल्याने छापलेला कागद घरोघर आला होता. त्यावर ‘डोंगर, जंगल, समुद्र : सगळं एका दिवसात’ असं रंगीत अक्षरांत लिहिलेलं. सकाळी कोल्हापुरातून निघायचं, आंबोलीच्या जंगलातून खाली उतरायचं, दुपारी वेंगुर्ल्याला समुद्र आणि संध्याकाळी गगनबावड्याकडून वर. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. डोंगर म्हणजे माहूरचा. जंगल म्हणजे हिमायतनगरकडून किनवटला जाताना बसमधून दिसतं ते. त्यामुळे कागदावरून बरीच चर्चा झाली. अक्का एरवी कुठे येत नसत. त्या दिवशी मात्र आल्या आणि कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याच्यात कोकनातला घाट लागतो का?"

"लागतो की. दोन लागतात," मी कागदावरचा रस्ता बघून म्हणाले.

"मग माजं नाव लिवा."

संध्याकाळी दत्तराव आमच्या दारात. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. टोपी काढून हातात धरली, पुन्हा घातली. "बाई, तिला नेऊ नका. झेपायचं न्हाई तिला." मी म्हणाले, "दत्तराव, त्यांना लेकरू जिथं गेलं तिथलं पाणी बघायचंय. नारळ सोडायचाय. जाऊ द्या ना." त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, हे मला आता कळतं. मग म्हणाले, "मंग येवडं करा, तिला खिडकीपशी बसवू नका. उलटी हुती तिला."

आमच्या गाडीचा ड्रायव्हर औसा भागातला, गमत्या माणूस. कोल्हापुरातून उजाडता उजाडता निघालो. आजऱ्याच्या पुढे झाडी वाढत गेली आणि आमच्या बायकांची तोंडं बंद पडेनात. "अगं माय, किती हिरवं!" "ह्यांच्याकडं दिवाळीलाबी शेवाळ हाय बगा." लातूरला माहेर असलेली एक जण म्हणाली, "आमाला प्यायला पानी रेल्वेनं आनावं लागलं आन् हितं रस्त्यानं वाहून चाललंय." आंबोलीला धुकं होतं. झाडं इतकी दाट की खाली जमीन दिसेना. दगडाला, खांबाला, पाटीला, सगळ्याला शेवाळ. गाडी थांबवून सगळ्यांनी फोटो काढले. अक्का उतरल्या नाहीत. मधल्या सीटवर मांडीवर गाठोडं घेऊन बसून होत्या. गाठोड्यात नारळ, खण आणि बालाजीला आवडायचे ते धपाटे.

गाडी पुन्हा निघाली आणि रस्ता वळणं घेत खाली उतरायला लागला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. अक्कांनी पुढे वाकून ड्रायव्हरला विचारलं, "लेकरा, घाट आला का सांग बरं."

"आवं मावशी, घाट कवाच लागलाय की."

अक्का अर्ध्या उठल्या. एका खिडकीतून, मग दुसरीतून बघितलं. "पानी कुटंय मंग?"

"कसलं पानी?"

"घाटाचं."

ड्रायव्हर हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "आवं, ह्यो तुमच्या गंगेवरचा घाट न्हवं. डोंगरातून खाली जानारा रस्ता म्हंजी घाट. ह्योच घाट. पानी समुद्राला, लई लांब हाय अजून."

मी शाळेत मराठी शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न दरवर्षी असतो, आणि घाट हा शब्द त्यात हमखास येतो. मुली लिहितात, आम्ही नदीच्या घाटावर गेलो, गाडी घाटातून गेली. अक्का "घाट, घाट" म्हणायच्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पायऱ्याच यायच्या, कारण त्यांच्या बोलण्यात पुढे लगेच पाणी असायचं. आता अक्कांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कुठे मला त्यांच्या घाटाचा दुसरा अर्थ लागला. त्या उभ्या होत्या. वरचा दांडा एका हाताने धरलेला. खिडकीबाहेर बुटका कठडा होता आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं. धुकं विरलं तशी खालची झाडांची टोकं दिसायला लागली, फार खाली.

"सर तिकडं," त्या खिडकीशी बसलेल्या बाईला म्हणाल्या आणि खिडकीला बसल्या. दत्तरावांनी सांगितलेलं मला आठवलं, पण आता त्यांना उठवायचं कुणी? त्यांनी गजाला कपाळ टेकवलं आणि घाट उतरेपर्यंत खाली बघत राहिल्या. मागे बायका भेंड्या खेळायला लागल्या होत्या. मी त्यांना गप्प बसायला सांगणार होते, पण काय कारण सांगू? अक्कांच्या आधी ते दुसऱ्या कुणाला सांगायचा मला हक्क नव्हता.

समुद्रावर पोचलो. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्या बायका लुगडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पोरींसारख्या किंचाळत पाण्यात शिरल्या. अक्का वाळूत समुद्राकडे पाठ करून बसल्या. मी जवळ जाऊन बसले. मग म्हणाले, "अक्का, नारळ सोडायचा ना?"

"ह्याला कामून सोडू? ह्यानं काय केलंय?"

त्यांनी गाठोडं सोडलं, धपाटे काढले आणि पाण्यातून वर येणाऱ्या बायकांच्या हातात एकेक देत सुटल्या. "खा गं. दुपार झाली." बायकांनी आवडीने खाल्ले. दही असतं तर मजा आली असती, असंही एक जण म्हणाली.

मी शहाणपणा करायला गेले. म्हणाले, "अक्का, मग तुम्ही त्याला पोहू दिलं नाहीत त्याचा काही संबंधच नव्हता. तुमची चूक नव्हतीच कधी." मला खरंच वाटलं होतं की यातून त्यांना हलकं वाटेल. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही, दमल्यासारखं.

"चूक व्हती तवर बरं व्हतं, बाई. लेकरांला पवायला तरी शिकवीत व्हते. आता काय शिकवू? पडू नका म्हनून?"

परतीला दुसरा घाट चढताना उन्हं कलली होती. त्या खिडकीलाच होत्या. सगळ्या बायका पेंगत होत्या. अर्धा घाट चढून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला, आणि अगदी हळू, बाजाराचा भाव विचारावा तसं विचारलं, "बाई, हितून खाली पोचाया किती येळ लागत असंल?"

मला आधी कळलंच नाही. आम्ही तर वर चाललो होतो. कळलं तेव्हा मी त्यांचा हात घट्ट धरला. त्या पुढे म्हणाल्या, "पान्यात माणूस झोपल्यागत जातंय म्हनत्यात. म्या तेच धरून व्हते. हितं तर त्याला सगळं कळलं असंल." इतक्या वर्षांत मी अक्कांना बालाजीसाठी रडताना खूपदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का गंगेवर गेल्या नाहीत. लेकरं दारात येऊन हाका मारायची, भोयांचा म्हाताराही विचारून गेला. त्या ओसरीवर बसून राहायच्या. नव्याने राहायला आलेल्यांच्या दारात जाणं बंद झालं. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. डाफरणंसुद्धा गेलं, आणि दत्तरावांना त्याचीच जास्त धास्ती वाटायची. ते अक्कांना मुद्दाम चिडवायला बघायचे, चहा सांडायचे, टोपी भलतीकडेच ठेवायचे. त्या उठून मुकाट्याने पुसून घ्यायच्या.

एकदा मी शाळेतून येताना त्यांनी मला हाक मारून जवळ बसवलं. दत्तराव शेतात होते. म्हणाल्या, "सहलीवरून आल्यावर म्या ह्यांना एकच इचारलं. सगळा गावला व्हता का? कारण तवा उचलनारे म्हनले व्हते, लई हलकं हाय. पान्यात फुगलेलं मानूस हलकं कसं असंल, हे तवा माज्या ध्यानात आलं न्हाई."

"काय म्हणाले?"

"हाव म्हनले. सगळा गावला. पर तोंड तिकडं करून म्हनले." त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "म्या मानलं, बाई. म्हनलं, मंग बरं झालं. न्हाई मानलं तर ते मरतील. येवड्या वर्सांचं त्यांनी एकल्यानं उचललंय. पुन्ना त्या दरीत कशाला धाडू त्यांना?" मग म्हणाल्या, "हे कुनाला बोलू नका." मी मान हलवली.

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेल्या. डॉक्टरांनी आजाराचं काहीतरी नाव सांगितलं होतं. मला ते कधी पटलं नाही. विष्णुपुरीतल्या ज्यांना ज्यांना त्यांनी पोहायला लावलं होतं ती सगळी पोरं, आता मिशा फुटलेली, नोकरीला लागलेली, त्या दिवशी आली. माझी मुलगी पुण्याहून आली. एवढी माणसं पाहून दत्तराव गोंधळून गेले होते. कुणी पाया पडलं की तेही हात जोडायचे.

दहावं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ओसरीवर ते एकटेच होते. माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते ते त्या दिवशी बोलले. म्हणाले, "तवा म्या त्याला घिऊन आलो. हिनं उंबऱ्यातच इचारलं, पान्यात गेला ना? मंग लई तरास झाला नसंल. म्या म्हनलं, हाव. एकदा म्हनलं आन् मंग ते फिरवता येईना. हिनं स्वोताला दोस लावून घेतला तरी फिरवता येईना. खरं सांगायला गेलो की मला ती दरी दिसायची, बाई. दोन दिस आमी तिगं खाली उतरून हुडकत व्हतो. जेवडं गावलं तेवडं..." आत म्हैस हंबरत होती, तिला पाणी दाखवायचं राहिलं होतं. मी उठायला लागले तसे त्यांनी बसा म्हणून हात केला.

"सहलीवरून आली तवा इचारलं तिनं मला. सगळा गावला व्हता का म्हनून. म्या पुन्ना हाव म्हनलो. ती म्हनली, बरं झालं. पुन्ना कदी इचारलं न्हाई." त्यांनी टोपी काढली. "तुमी तिच्याजवळ बसत व्हताव. तुमाला बोलत व्हती ती. सांगा बरं, तिला खरं वाटलं असंल का?"

मी त्यांच्याकडे तोंड केलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हाव."